आतड्याच्या कॅन्सरचा धोका: ताटात काय ठेवायचं, रक्तात काय मोजायचं

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत शौचावाटे रक्त गेलं की पहिला शब्द येतो तो मूळव्याध. "माले मूळव्याध शे, दुसरं काई नही," म्हणत माणूस वर्ष-दोन वर्षं काढतो. कधी मलम, कधी काढा, कधी कुणाच्या ओळखीचा वैदू. बहुतेकांना खरंच मूळव्याधच असते. ज्यांना नसते त्यांचं मात्र या दोन वर्षांत फार नुकसान होतं, कारण मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सर लवकर सापडला तर बरा होणाऱ्या कॅन्सरांपैकी आहे. आपल्याकडे तो उशिरा सापडतो. भारतात याचं प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा बरंच कमी आहे. तरी देशात दरवर्षी सत्तर हजारांच्या आसपास नवे रुग्ण नोंदले जातात, आणि त्यांत पन्नाशीच्या आतले बरेच असतात.

"हे खा म्हणजे कॅन्सर होणार नाही" असं सांगणारा हा लेख नाही. असं एकही अन्न नाही. आहार आणि दिनचर्या शरीरातल्या काही मोजता येणाऱ्या गोष्टी वर्षानुवर्षं हळूहळू बदलत राहतात. त्यांतल्या कोणत्या गोष्टी तालुक्याच्या गावी मोजता येतात, त्या कशा सुधारतात, आणि कोणत्या वेळी हे आकडे बाजूला ठेवून थेट दुर्बिणीची तपासणी करायची, ते क्रमाने सांगतो.

आधी आतड्यात काय चालतं ते

मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. इतक्या वेगाने पेशी बनत असताना कधीतरी एखादीच्या जनुकांत चूक होते. तिथे आधी छोटी गाठ उगवते, तिला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप कधीच कॅन्सर होत नाहीत. जे होतात त्यांना साधारण दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो. आपल्या हातात असलेला वेळ तो हाच.

या काळात ताटातल्या गोष्टी आतड्यात चार मार्गांनी काम करतात. भाकरीतला, डाळीतला न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात पोचला की तिथले जंतू तो आंबवतात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. अस्तराच्या निरोगी पेशींचं ते मुख्य इंधन. उलट तेलकट-तुपकट जेवणावर यकृत जास्त पित्त सोडतं, त्यातला काही भाग मोठ्या आतड्यात उतरतो आणि जंतू त्याचं अस्तराला चुरचुरणाऱ्या आम्लात रूपांतर करतात. मटणाचा लाल रंग ज्या हीम लोहामुळे असतो, ते लोह आतड्यात नायट्रोसो जातीची घातक संयुगं बनायला मदत करतं. चौथा मार्ग पोटाच्या चरबीचा. घेर वाढला की रक्तातलं इन्सुलिन चढून राहतं, आणि इन्सुलिन साखर सांभाळण्याबरोबर पेशींना "वाढा" असाही निरोप देतं.

हे बदल किती लवकर होतात हे एका प्रयोगात फार स्पष्ट दिसलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पिट्सबर्गमधले २० आफ्रिकी वंशाचे अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतले २० लोक यांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल केली. अमेरिकनांना मक्याची लापशी, घेवडा असं चोथ्याचं जेवण, आणि आफ्रिकेतल्यांना मांस-चरबीचं अमेरिकन जेवण. दोनच आठवड्यांत अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट वाढलं, घातक पित्ताम्लं घटली, अस्तरातली सूज आणि पेशींची अवाजवी वाढ कमी झाली. आफ्रिकेतल्यांत नेमकं उलटं झालं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख जाहिरात होईल. २००० साली अमेरिकेत दोन हजारांच्या आसपास लोकांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. ज्यांचे पॉलिप काढले होते, त्यांना चार वर्षं कमी तेल-तूप आणि भरपूर चोथ्याचा आहार दिला. पॉलिप पुन्हा उगवण्याचं प्रमाण कमी झालं नाही. म्हणजे आतड्यातलं वातावरण आठवड्यांत सुधारतं, पण एकदा सुरू झालेली प्रक्रिया चार वर्षांच्या भाकरीने थांबेल असं धरून चालता येत नाही. मला यातून एवढंच कळतं की चांगला आहार लवकर सुरू करावा, कायम ठेवावा, आणि तो आहे म्हणून तपासणी टाळू नये.

पायरी १: घरातला इतिहास आणि कंबर

वहीच्या एका पानावर आई, वडील, भाऊ, बहिणी आणि मुलं यांची नावं लिहा. कुणाला आतड्याचा, गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता का, कोणत्या वयात, ते समोर लिहा. गावाकडे "पोटात गाठ झाली होती", "आतडं सडलं होतं" एवढंच सांगितलं जातं. जुनी फाइल मिळाली तर पाहा. सख्ख्या नात्यात आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर तुमची तपासणी चाळिसाव्या वर्षी सुरू व्हायला हवी, किंवा त्या नातेवाइकाला आजार झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी. यांतलं जे लवकर येईल ते. वडिलांना ४६ व्या वर्षी झाला असेल तर मुलाने ३६ व्या वर्षी डॉक्टरांना भेटावं. एकाच घरात तीन-चार जणांना, तेही तरुणपणी झाला असेल, तर लिंच सिंड्रोमसारखा आनुवंशिक दोष असू शकतो. मग आहाराचा विचार नंतरचा. आधी मोठ्या कॅन्सर रुग्णालयातला आनुवंशिक सल्ला.

मग टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, कपड्याशिवाय मोजा. पायजम्याची नाडी जिथे बसते ती जागा यासाठी चालत नाही. आपल्या लोकांत पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमी ही धोक्याची रेघ आहे. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशी आपल्याकडची ठेवण. वजनकाटा अशा माणसाला "ठीक" म्हणतो, टेप म्हणत नाही. एकच गोष्ट मोजायची असेल तर मी कंबर मोजायला सांगेन.

पायरी २: रक्ताच्या मोजक्या तपासण्या

हिमोग्लोबिन आणि फेरिटिन ही जोडी सगळ्यात महत्त्वाची. आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ असेल तर रक्त थेंबथेंब झिरपतं, मलात मिसळून जातं आणि डोळ्यांना दिसत नाही. माणूस फक्त थकतो, धाप लागते. पुरुषात हिमोग्लोबिन १३ च्या खाली किंवा पाळी थांबलेल्या बाईत १२ च्या खाली असेल, आणि सोबत लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन ४५ च्या खाली असेल, तर "अशक्तपणा आहे, गोळ्या घ्या" एवढ्यावर थांबायचं नाही. रक्त जातंय कुठून हे शोधायला जठर आणि मोठं आतडं दोन्ही आतून पाहावी लागतात. लोहाच्या गोळ्यांनी आकडा वर येतो आणि कारण झाकलं जातं. आपल्याकडे असं फार घडतं.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पट्ट्यात आणखी एक गुंता आहे. भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच प्रमाणात आढळतो. तिथे रक्त कमी दिसलं की सगळं सिकलसेलवर टाकलं जातं. सिकलसेल असलेल्या माणसालाही आतड्यातून रक्तस्राव होऊ शकतो. त्याचं फेरिटिन स्वतंत्रपणे पाहायला सांगा. अंगात ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वर जातं, म्हणून बरं वाटल्यावर तपासणी करा. आणि अशा रुग्णात साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी भरवशाची राहत नाही. त्यांनी उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर पाहावी.

बाकीच्यांसाठी एचबीए१सी उत्तम. ५.७ च्या खाली चांगलं, ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पातळी, ६.५ पासून पुढे मधुमेह. टाइप २ मधुमेह असलेल्यांत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण सव्वापट आढळतो. उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी १५० च्या वर आणि चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० किंवा बायकांत ५० च्या खाली असेल, तर इन्सुलिनला शरीर दाद देत नाही असा अंदाज बांधता येतो. त्यासाठी वेगळी महागडी इन्सुलिन तपासणी लागत नाही.

पैसे कशावर घालवू नयेत हेही ऐका. "कॅन्सर मार्कर पॅकेज" म्हणून सीईए ही चाचणी विकली जाते. ज्याला कॅन्सर झालाच आहे, त्याच्यावर उपचारानंतर लक्ष ठेवायला ती कामाची आहे. निरोगी माणसात ती निरुपयोगी. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ती बहुधा वाढतच नाही, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यात कॅन्सर नसतानाही वाढलेली दिसते. तिच्यामुळे कुणी उगाच घाबरतं, कुणी उगाच निर्धास्त होतं. आतड्यातले जंतू मोजून "तुमचा धोका इतका" सांगणारे घरपोच संचही आजच्या घडीला निर्णय घेण्याच्या लायकीचे नाहीत. मलातलं कॅलप्रोटेक्टिन सूज दाखवतं, कॅन्सरचा धोका सांगत नाही.

पायरी ३: मलाची तपासणी, आणि खान्देशातलं ऊन

मलातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधायच्या दोन पद्धती आहेत. जुनी ग्वायाकची. तिला मटणातलं रक्त, कच्चा मुळा, फुलकोबी यांनीही चकवा बसतो, आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेतल्या तर खरं रक्त लपतं. नवी फिट, म्हणजे इम्युनोकेमिकल पद्धतीची. ती फक्त माणसाच्या हिमोग्लोबिनला ओळखते, त्यामुळे आधी पथ्य लागत नाही. चिठ्ठीवर नुसतं "स्टूल ऑकल्ट ब्लड" लिहिलं असेल तर लॅबमध्ये विचारून घ्या की कोणती पद्धत वापरता. फिट असेल तरच करा.

नमुना घेताना मलात पाणी किंवा लघवी मिसळू देऊ नका. भारतीय बैठकीच्या संडासात भांड्यावर जाड कागद अंथरून किंवा कोरड्या डब्यात मल घ्यावा, सोबतच्या काडीने दोन-तीन जागी टोचून ती नळीत बंद करावी. पाळी सुरू असताना नको.

उन्हाची गोष्ट कुणी सांगत नाही. नमुन्यातलं हिमोग्लोबिन उष्णतेने मोडतं, आणि रक्त असूनही अहवाल "निगेटिव्ह" येऊ शकतो. भुसावळ-जळगावात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. डिकीत ठेवलेली नळी दुपारभर फिरवली तर त्या चाचणीला अर्थ उरत नाही. शक्य असेल तर ही तपासणी थंडीत करा. उन्हाळ्यात करायची झाली तर सकाळी नमुना घेऊन बर्फाच्या पिशवीसोबत थर्मासमध्ये ठेवा आणि त्याच सकाळी लॅबमध्ये द्या. लॅब तो पुण्या-मुंबईला पाठवणार असेल तर कसा पाठवते तेही विचारा.

एकदा केलेली फिट १०० कॅन्सरांपैकी साधारण ७५ ते ८० पकडते. पॉलिप बरेच कमी पकडते. म्हणून ती दरवर्षी करायची असते. आपल्या सरकारी तपासणी मोहिमांत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कॅन्सर आहेत, आतड्याचा नाही. तेव्हा ४५ च्या पुढे गेलेल्याने ही तपासणी स्वतःहून मागावी लागते. फिट पॉझिटिव्ह आली तर ती पुन्हा करून पाहू नका. पुढची पायरी कोलनोस्कोपीच, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून पाहणं.

ज्यांना डोळ्यांनी रक्त दिसतंय त्यांनी फिटच्या भानगडीत पडूच नये. थेट डॉक्टर.

पायरी ४: ताट

इथे खान्देशाला नवं काही शिकायची गरज नाही, जुनं सोडू नये एवढंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम चोथा असतो, अख्ख्या काळ्या उडदात २०, मठात (मटकीत) १५, पेरूत साडेआठ. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तीनच्याही आत. मोठ्या माणसाला दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास चोथा हवा.

कळण्याची भाकरी या हिशेबात विलक्षण आहे. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद धरले तर पिठाच्या दर १०० ग्रॅममागे बारा ग्रॅम चोथा मिळतो, आणि धान्य-कडधान्य एकत्र आल्याने प्रथिनंही चांगली. तापीकाठच्या काळ्या जमिनीतली दादर ज्वारी मिळत असेल तर उत्तमच. पीठ जाडसर दळा आणि बारीक चाळणीने चाळू नका. चाळणीत उरतं तेच आपल्याला हवं असतं.

एका दिवसाचा हिशेब मांडून दाखवतो. सकाळी कळण्याची एक भाकरी आणि ताक: ६ ग्रॅम. दुपारी ज्वारीची एक मोठी भाकरी, तुरीचं वरण, पोकळ्याची भाजी: साधारण ११ ग्रॅम. मधल्या वेळी एक पेरू: ८. रात्री ज्वारीची भाकरी आणि मठाची उसळ: ९ ते १०. चौतीस-पस्तीस झाले, आणि सगळं शेतातलं किंवा आठवडे बाजारातलं. याच जागी सकाळी पोहे, दुपारी पांढरा भात-वरण, संध्याकाळी चहासोबत खारी आणि रात्री हॉटेलची शेवभाजी-पाव असेल तर चोथा निम्म्यावर येतो. शेवेत बेसन असतं, ते वाईट नाही. हॉटेलच्या शेवभाजीवर तेलाचा जो थर तरंगतो, तो रोज पोटात गेला की कमरेचा आकडा चढतो. महिन्यातून एक-दोनदा खा, चवीने खा.

जागतिक कॅन्सर संशोधन निधीच्या आढाव्यात रोज ९० ग्रॅम अख्खं धान्य खाणाऱ्यांत आतड्याच्या कॅन्सरचा धोका १७ टक्के कमी दिसला. हे अभ्यास मुख्यतः युरोप-अमेरिकेतले, गहू-राय-ओट्स खाणाऱ्यांचे आहेत. तिथल्या माणसाला ९० ग्रॅम म्हणजे पथ्य. आपल्याकडे त्या दोन भाकरी झाल्या.

चोथा एकदम वाढवू नका. पोट फुगतं, वायू होतो, आणि माणूस तिसऱ्या दिवशी सोडून देतो. आठवड्याला एक भर घाला: आधी एका जेवणात भाकरी, मग उसळ, मग फळ. पाणी सोबत वाढवा. पोट साफ न होणं नव्यानेच सुरू झालं असेल, पोटात मुरडून दुखत असेल, तर आधी तपासणी, मग चोथा.

भरिताबद्दल नेहमी शंका येते. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगं जाळतात, त्याने कॅन्सर होत नाही का? मांस जाळल्यावर जी हेटरोसायक्लिक अमाइन्स नावाची घातक संयुगं तयार होतात ती मांसातल्या घटकांपासून बनतात, वांग्यात ती बनत नाहीत. धुराची काजळी सालावर बसते. साल नीट सोलून काढा, काळे कण निवडा, आणि बामणोदची वांगी आनंदाने खा. त्यात तेल किती ओतता, तिथे मात्र हात आखडता घ्या.

मटणाचं वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ साली सॉसेज-बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरकारक ठरवलं. रोजच्या ५० ग्रॅममागे धोका १८ टक्के वाढतो. बोकडाचं-मेंढ्याचं ताजं लाल मांस "बहुधा कॅन्सरकारक" गटात आहे. खान्देशात प्रक्रिया केलेलं मांस फारसं कुणी खात नाही, आणि काळ्या मसाल्याचं मटणही बहुतेक घरांत रविवारपुरतंच असतं. आठवड्याला शिजलेलं ३५० ते ५०० ग्रॅम ही वरची मर्यादा धरा. रस्सा शिजवलेला असल्याने निखाऱ्यावर करपवलेल्या मांसापेक्षा तो बरा. सोबत पोळीऐवजी भाकरी आणि कांदा-मुळ्याची कोशिंबीर घ्या.

नंदुरबारची मिरची आणि आपला ठेचा यांच्यावरचा आरोप मात्र मी मान्य करत नाही. तिखटाने मोठ्या आतड्याचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं नाही. तिखटाने जळजळ होते, मूळव्याध असेल तर त्रास वाढतो, एवढं खरं.

ताक आणि दही रोज ठेवा. दुधातलं कॅल्शियम आतड्यात पित्ताम्लांना आणि हीमला बांधून ठेवतं. रोज ४०० ग्रॅम दूध-दुभतं घेणाऱ्यांत धोका १३ टक्क्यांनी कमी दिसला आहे. तेच कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी गोळ्यांतून दिलं तेव्हा २०१५ च्या मोठ्या चाचणीत पॉलिप कमी झाले नाहीत. गोळ्या हाडांसाठी डॉक्टरांनी दिल्या तर घ्या, आतड्यासाठी नको.

आणि केळी. रावेर-यावलच्या लोकांना हा प्रश्न हमखास पडतो, कारण "हिरवं केळं कॅन्सर रोखतं" असा मजकूर मोबाइलवर फिरत असतो. त्याच्या मुळाशी लिंच सिंड्रोम असलेल्या नऊशेहून जास्त लोकांवरची एक चाचणी आहे. त्यांना न पचणाऱ्या स्टार्चची पूड रोज ३० ग्रॅम, साधारण दोन वर्षं दिली. २०२२ साली आलेल्या निकालात आतड्याचा कॅन्सर कमी झाला नव्हता. जठर-स्वादुपिंडासारख्या वरच्या भागातले कॅन्सर मात्र निम्म्याहून कमी आढळले. तेव्हा कच्च्या केळीची भाजी जरूर करा. तिच्यातलं स्टार्च जंतूंचं चांगलं खाद्य आहे, आणि मधुमेह्याला ती पिकल्या केळ्यापेक्षा मानवते. पण आतड्याच्या कॅन्सरवर औषध म्हणून ती सांगू नका. रात्रीची गार झालेली भाकरी सकाळी खाण्याची आपली पद्धतही चांगली आहे. शिजलेलं स्टार्च थंड होताना त्याचा काही भाग असाच न पचणारा होतो.

पायरी ५: दारू आणि धूर

यात फार बोलण्यासारखं नाही, कारण पुरावा सरळ आहे. रोजच्या १० ग्रॅम अल्कोहोलमागे आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे ७ टक्क्यांनी चढतो. व्हिस्कीच्या ६० मिलीत जवळपास २० ग्रॅम असतं. मोहाची, देशी, विदेशी असा फरक आतडं करत नाही. "औषधापुरती" अशी सुरक्षित मात्रा कॅन्सरच्या बाबतीत नाही. बिडी-सिगारेटचा धूर आतड्याच्या कॅन्सरशी जोडलेला आहे. चघळण्याच्या तंबाखूचा मारा मुख्यतः तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंडावर; तेवढं पुरेसं कारण आहे सोडायला.

पायरी ६: अंग हलवणं

नियमित शारीरिक श्रमांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, हा या विषयातला सर्वात भक्कम पुराव्यांपैकी एक. श्रमांनी इन्सुलिन उतरतं, पोटाची चरबी घटते. उपचार झालेल्यांतही उपयोग दिसतो: २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केमोथेरपीनंतर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी पाच वर्षांनी ८० टक्के लोक आजारमुक्त होते, नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी ७४ टक्के.

कापूस वेचणाऱ्या बाईला व्यायाम सांगायची गरज नाही. तिला आराम आणि नीट जेवण हवं. गरज आहे ती बांधावर मोटारसायकलने जाणाऱ्या शेतमालकाला, दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्याला, शिक्षकाला. आठवड्याला १५० मिनिटं दमेल असं चालणं. उन्हाळ्यात पहाटे किंवा दिवस मावळल्यावरच. रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं फिरून आलात तर जेवणानंतरची साखर कमी चढते.

भुसावळच्या रेल्वेत, दीपनगरच्या वीज केंद्रात रात्रपाळी करणाऱ्यांनी जास्त जपावं. रात्रपाळी २००७ पासून "बहुधा कॅन्सरकारक" गटात आहे. नोकरी बदलता येत नाही, पण रात्री दोन वाजता वडापाव-भजी खाण्याऐवजी घरून भाकरी-उसळीचा डबा नेता येतो, आणि वर्षाची फिट न चुकवता करता येते.

पायरी ७: पुन्हा मोजणं

कंबर महिन्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच जागी. एचबीए१सी आणि चरबीच्या तपासण्या तीन महिन्यांनी. त्याआधी करून उपयोग नाही. चार-पाच सेंमी कंबर कमी झाली तर बाकीचे आकडे बहुधा मागोमाग येतात. फेरिटिन कमी होतं म्हणून लोह सुरू केलं असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा पाहा. गोळ्या नीट घेऊनही ते वर येत नसेल तर रक्त अजून जातंय असं धरा. लोहाच्या गोळ्यांनी मल काळा होतो आणि बिटाने लालसर, हे आधीच माहीत असू द्या.

आकडे सुधारले म्हणजे धोका कमी होण्याच्या दिशेने शरीर चाललंय. आत आधीपासून गाठ आहे की नाही, ते या आकड्यांतून कळत नाही.

पायरी ८: आकडे बाजूला ठेवायची वेळ

शौचावाटे रक्त, तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला शौचाच्या सवयीतला बदल, साफ होऊनही पोट राहिल्यासारखं वाटणं, कारण नसताना उतरलेलं वजन, किंवा लोह कमी असलेला पांडुरोग: यांतलं एकही असेल तर ताट, टेप, फिट सगळं बाजूला ठेवा आणि पोटविकारतज्ज्ञाकडे किंवा सर्जनकडे जा. निदान बोटाने गुदाशयाची तपासणी तरी झालीच पाहिजे. तिला दोन मिनिटं लागतात, आणि गुदाशयाच्या गाठींपैकी बऱ्याच बोटाला लागतात. लाजेपायी आपण ती टाळतो, कधी डॉक्टरही टाळतात. बाई असेल तर लेडी डॉक्टर मागा, सोबत सून किंवा बहीण न्या. मूळव्याध दिसली तरी विचारा, "वर आणखी काही नाही ना, हे कसं ठरवलं?" दोन्ही एकाच माणसात असू शकतात.

कोलनोस्कोपी सांगितली तर आधीचे दोन-तीन दिवस वरचा सगळा सल्ला उलटा करायचा: भाकरी, उसळ, पालेभाजी, पेरू, टोमॅटो, तीळ बंद, मऊ भात, वरणाचं पाणी, गाळलेलं ताक चालतं. लोहाच्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून थांबवू नका. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध पूर्ण प्यायचं. अर्धवट प्यायलं की आतडं घाण राहतं, गाठ दिसत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं. तपासणीत पॉलिप दिसला तर बहुधा तिथल्या तिथेच काढतात, म्हणजे कॅन्सर होण्याआधीच त्याचं मूळ उपटलं जातं.

घरी येताना तीन गोष्टी लिहून घ्या: पॉलिप किती होते, सर्वांत मोठा किती मिलिमीटरचा होता, आणि तो कोणत्या जातीचा होता. शेवटची गोष्ट बायॉप्सीच्या अहवालात काही दिवसांनी येते, ती आणायला विसरू नका. पुढची कोलनोस्कोपी तीन वर्षांनी करायची की दहा, हे या तिन्हींवरून ठरतं. अहवालाची एकेक प्रत भावंडांना आणि सज्ञान मुलांना द्या, म्हणजे त्यांच्या वहीतलं पहिलं पान भरलेलं राहील.